थप्पीला स्टॅक, राशीला हीप: नवी मुंबईत नव्याने कामाला लागलेल्यांसाठी ढिगांचं इंग्रजी

तुर्भ्याच्या बाजार समितीत एखाद्या पेढीवर, महापे-रबाळ्याच्या कारखान्यात, शीतगृहात किंवा ऐरोलीच्या कार्यालयात नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींतली बरीच मुलं आता अशा नोकऱ्यांत आहेत. वडिलांनी ज्या गोण्या वाहिल्या, त्यांचाच हिशेब ही मुलं संगणकावर ठेवतात आणि परगावच्या, परदेशच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत कळवतात.

काळ, क्रियापद, पत्राचा मायना हे सगळं त्यांना जमतं. अडतं ते प्रमाणापाशी. माल भरपूर आला, कागद साचले, गाडी भरून निघाली, गोण्या रचून झाल्या, कचरा पडलाय, या सगळ्यासाठी बहुतेकांजवळ एकच शब्द असतो, 'अ लॉट ऑफ'. अर्थ पोचतो, पण अर्धा. माल रचलेला आहे की ओतलेला, बांधलेला की सुटा, मोजलेला की अंदाजाने सांगितलेला, हे त्यातून कळत नाही. आणि गोदामाच्या कामात समोरच्याला नेमकं तेवढंच हवं असतं.

माझं सांगणं असं की ही नजर मराठी माणसाकडे आधीपासून आहे. आपण धान्याची रास म्हणतो, गोण्यांची थप्पी, भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, लाकडांची मोळी, कडब्याची गंजी, कापसाची गासडी. कुणी 'गोण्यांची मोळी' म्हटलं तर आपण लगेच थांबवू. इंग्रजी बोलायला लागलो की मात्र या सगळ्यांचा मनातल्या मनात 'ढीग' करतो आणि मग ढिगाला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधत बसतो. तसं करू नका. आधी मराठीतला नेमका शब्द आठवा. तो सापडला की इंग्रजी शब्द जवळच असतो.

पहिली पायरी: माल कसा पडलाय ते बघा

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न म्हणजे हा माल ओतलाय की रचलाय.

ओतला, टाकला, फेकला असेल तर 'हीप'. खाली पसरट, वर निमुळता, आणि आतली वस्तू न वस्तू कशीही पडलेली. टेम्पोतून ओतलेला सुटा कांदा, खळ्यावरची रास, बांधकामाजवळची वाळू, भंगार, ओला कचरा, हे सगळं हीप. भंगाराच्या ढिगाला 'स्क्रॅप हीप', खतासाठी साठवलेल्या पालापाचोळ्याला 'कंपोस्ट हीप'. धान्य मापताना आपण माप शिगोशीग भरतो ना, ती वर आलेली शीग म्हणजेही हीपच. इंग्रजी पाककृतीत 'अ हीप्ड टीस्पून' लिहिलेलं असतं तेव्हा चमचा शीग लावून भरायचा असतो. 'लेव्हल टीस्पून' असेल तर वरून सुरी फिरवून सपाट करायचा.

हीप हा शब्द किती मालाला लावायचा याला उत्तर नाही, आणि हे फार जुनं कोडं आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मिलेटसच्या युब्युलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर ते सांगितलं जातं. एका दाण्याची रास होत नाही. ज्याची रास झालेली नाही त्यात एक दाणा टाकला म्हणून रास होत नाही. मग रास होते तरी कधी? ग्रीक भाषेत ढिगाला 'सोरोस' म्हणतात, म्हणून हे कोडं 'सोराइटीझ' या नावाने ओळखलं जातं. आपल्या कामापुरता त्याचा धडा सरळ आहे. हीप या शब्दात संख्या बसत नाही, तेव्हा चलन, पावती, गेटपास यांवर तो कधी लिहायचा नाही. बोलताना, वर्णन करताना, तक्रार सांगताना तो चालतो.

रचलेला माल असेल तर 'स्टॅक'. हीच आपली थप्पी. सारख्या आकाराच्या वस्तू, एकावर एक, कुणीतरी हाताने किंवा यंत्राने नीट ठेवलेल्या. गोण्या, क्रेट, पेट्या, खुर्च्या, ताटं. भाकऱ्यांची चवड आणि मडक्यांची उतरंडही स्टॅकच. 'स्टॅक' हा शब्द मुळात नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि तिथे त्याचा अर्थ गवताची गंजी असा होता. 'हेस्टॅक' मध्ये तो अजून तसाच आहे. न्हावा शेव्याला १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनर एकावर एक चढवून ठेवलेले असतात, तेही स्टॅक.

थप्पीचं बलस्थान म्हणजे ती मोजता येते. तुम्ही विचारता, "मामा, किती थप्प्या लागल्या?" टोळीचे मुकादम सांगतात, "बाराच्या आठ लागल्या, वर पाच सुट्या." या एका वाक्यात सगळा हिशेब आहे. इंग्रजीत तो जसाच्या तसा उतरतो: 'एट स्टॅक्स ऑफ ट्वेल्व्ह बॅग्ज ईच, प्लस फाइव्ह लूज बॅग्ज.' बारा आठे शहाण्णव आणि पाच, एकूण १०१. 'ईच' हा शब्द विसरू नका. तो गेला की बारा गोण्या एका थप्पीत आहेत की सगळ्या मिळून, असा प्रश्न पलीकडून हमखास येतो.

इथे उच्चाराची एक गोष्ट मनावर घेऊन शिका. 'स्टॅक' म्हणजे थप्पी आणि 'स्टॉक' म्हणजे साठा. आपल्याकडे फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. 'वन स्टॅक इज डॅमेज्ड' म्हणजे एक थप्पी खराब झाली. 'द स्टॉक इज डॅमेज्ड' म्हणजे गोदामातला सगळा माल गेला. दुसरं वाक्य ऐकल्यावर गिऱ्हाईक माल नाकारण्याच्या तयारीलाच लागेल. 'अॅ' तोंड पसरून म्हणा, 'ऑ' ओठ गोल करून, आणि शंका वाटली तर 'स्टॅक नंबर फोर' असा थप्पीचा क्रमांक सांगा. साठ्याला क्रमांक नसतो, त्यामुळे गोंधळ तिथेच मिटतो.

थप्पीबरोबर गोदामात आणखी एक शब्द ऐकू येईल, 'फर्स्ट इन, फर्स्ट आउट'. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. थप्पीचा स्वभाव याच्या अगदी उलट. आधी आलेली गोणी तळाशी, आणि हाताला लागते ती शेवटी चढवलेली. म्हणून नाशवंत मालाच्या थप्पीवर तारखेची चिठ्ठी लावतात आणि जुन्या-नव्या मालाच्या थप्प्या वेगळ्या ठेवतात. ऐरोली-महाप्याला संगणकाच्या कामात शिरलेल्यांना स्टॅक आणि हीप हे दोन शब्द दुसऱ्या रूपात भेटतील. प्रोग्रॅमच्या स्मृतीत एक भाग 'स्टॅक' असतो. त्यात शेवटी ठेवलेलं आधी निघतं, गोण्यांसारखंच. दुसरा भाग 'हीप'. त्यात कुठलीही जागा केव्हाही घेता आणि सोडता येते, ठरलेला क्रम नसतो. शब्द निवडणाऱ्यांनी रास आणि थप्पी यांतला फरक ओळखूनच ते घेतले आहेत असं मला वाटतं.

आता 'पाइल'. हा या दोघांच्या मधला. वस्तू एकावर एक आहेत, पण फार नेटकेपणाने रचलेल्या नाहीत, किंवा नेटकेपणाशी आपल्याला देणंघेणं नाही. टेबलावरच्या फायली, धुवायचे कपडे, मोरीतली भांडी, मागे ठेवलेल्या फळ्या. हीप म्हणावं की स्टॅक, हे ठरत नसेल तर पाइल म्हणा. चूक होणार नाही. काम साचलं हे सांगायला तर हाच शब्द: 'द वर्क हॅज पाइल्ड अप.' कार्यालयीन भाषेत साचलेल्या, तुंबलेल्या कामाला 'बॅकलॉग' म्हणतात.

मात्र पाइल या शब्दाचे तीन जुळे आहेत आणि ठाणे-नवी मुंबईत ते रोज कानावर पडतात. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचं काम चालू असताना 'पाइलिंग' चा शब्द ऐकला असेल, आणि शिवडीहून न्हावा शेव्याला जाणाऱ्या, जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूचे खांबही खाडीच्या तळाखाली अशा पाइलवरच उभे आहेत. हा पाइल म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेला खांब. ढिगाशी त्याचा काही संबंध नाही. हा शब्द लॅटिनमधल्या भाल्याच्या शब्दावरून आला, ढिगाचा पाइल लॅटिनमधल्या खांबाच्या शब्दावरून. गालिच्यावरची लव, तीही पाइल; ती केसाच्या शब्दावरून. आणि अनेकवचनी 'पाइल्स' म्हणजे मूळव्याध. म्हणून 'आय हॅव पाइल्स' एवढंच बोलून कधी थांबू नका. 'आय हॅव पाइल्स ऑफ पेपरवर्क' असं पूर्ण बोला, नाहीतर 'अ पाइल ऑफ' असं एकवचन वापरा.

मातीच्या उंचवट्याला, टेकाडाला, वारुळाला 'माउंड'. बांधकामाच्या राडारोड्याला आपल्या महापालिकांच्या बातम्यांत 'डेब्रिज' लिहितात. इंग्रजीत बोलताना मात्र शेवटचा 'ज' म्हणायचा नाही: 'डेब्री'. त्याचं अनेकवचनही होत नाही. 'अ हीप ऑफ डेब्री' म्हणा.

दुसरी पायरी: बांधलंय का, जोडलेलं आहे का

ढिगातल्या वस्तू एकमेकींपासून सुट्या असतात. त्या देठाने, दोरीने, कडीने जोडलेल्या असतील तर शब्द बदलतात, आणि इथे आपली भाजी-फळांची बाजारपेठ मोठी शाळा आहे.

'बंच' म्हणजे एका ठिकाणी जोडलेलं किंवा मुठीत मावेल असं एकत्र धरलेलं. द्राक्षांचा घड, कोथिंबिरीची जुडी, फुलांचा गुच्छ, किल्ल्यांचा जुडगा, सगळे बंच. केळ्यांपाशी जरा थांबा. झाडावरून उतरवलेला पूर्ण घड तो 'बंच', त्यातली एक फणी ती 'हँड' आणि एक केळं ते 'फिंगर'. निर्यातीच्या कागदांत असंच लिहितात. घरगुती इंग्रजीत मात्र दुकानातून आणलेल्या छोट्या फणीलाही बंच म्हणतात. त्यामुळे 'फाइव्ह बंचेस' असं मोघम लिहिलं तर कुणी पाच घड समजेल, कुणी पाच फण्या. केळी निर्यात करणाऱ्याकडे नोकरी असेल तर पहिल्याच दिवशी ज्येष्ठांना विचारून घ्या की इथे बंच म्हणजे काय धरतात.

अलिबागचा पांढरा कांदा माळ गुंफून विकायला येतो. ती माळ 'स्ट्रिंग'. 'अ स्ट्रिंग ऑफ अनियन्स' हा इंग्रजीत रुळलेला शब्दप्रयोग आहे.

दोरीने किंवा पट्टीने बांधलं की 'बंडल'. कागदांचा गठ्ठा, उसाची मोळी, वर्तमानपत्रांची रद्दी. दाबून, आवळून, पट्ट्या ठोकून बांधलेली कापसाची गासडी मात्र 'बेल', बंडल नव्हे. आपल्या देशात कापसाची प्रमाण गासडी १७० किलोची धरतात, म्हणून कापूस उत्पादनाचे आकडे गासड्यांत सांगितले तरी सगळ्यांना समजतात. नोटांच्या बाबतीत बँकेची भाषा वेगळी आहे. १०० नोटांचं 'पॅकेट' आणि अशा १० पॅकेटांचं 'बंडल', म्हणजे १,००० नोटा. पेढीवर आपण १०० नोटांच्या गड्डीलाच बंडल म्हणतो. बँकेत रोकड भरायला जाल तेव्हा हा फरक लक्षात ठेवा. कागदाचं 'रीम' ५०० पानांचं. 'डझन' १२, 'ग्रोस' १४४. बटणं, पेनं, छोटे सुटे भाग यांच्या घाऊक व्यवहारात ग्रोस अजून दिसतो.

तिसरी पायरी: एकत्र कशासाठी आलंय

हा माल एकत्र बनला, एकत्र विकला की एकत्र निघाला, हे विचारा.

एकत्र बनला असेल तर 'बॅच'. या शब्दाला मराठीत 'घाणा' इतका नेमका शब्द दुसरा नाही. भज्यांचा एक घाणा, शेवेचा एक घाणा. इंग्रजी बॅचही 'बेक' या शब्दाच्या घराण्यातला आहे, एका वेळी भट्टीत भाजलेल्या पावांचा तो घाणा. आज औषधाच्या पाकिटावर जो बॅच क्रमांक छापलेला असतो त्याचा अर्थ तोच: एका वेळी, एका मिश्रणातून बनलेल्या गोळ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायन आणि औषध कारखान्यांत लागलेल्यांनी बॅच हा शब्द सैलपणे कधीच वापरू नये. एका बॅचमध्ये दोष सापडला तर तेवढाच माल परत मागवला जातो; क्रमांक चुकला तर चांगला माल परत येतो आणि वाईट बाजारात राहतो.

एकत्र विकला किंवा तपासला असेल तर 'लॉट'. पूर्वी वाटण्या करताना चिठ्ठ्या टाकत, त्या चिठ्ठीला हा शब्द होता. मग वाट्याला आलेल्या भागाला तो लागला, मग लिलावातल्या एकेका ढिगाला. कांद्याच्या लिलावात 'हा लॉट', 'पुढचा लॉट' आपणही म्हणतोच. काही कारखान्यांत बॅच आणि लॉट एकाच अर्थाने वापरतात, तेव्हा तुमच्या ठिकाणची रीत काय ते बघून घ्या.

एकत्र निघाला असेल तर 'लोड' किंवा 'कन्साइनमेंट'. लोड म्हणजे एका गाडीत एका खेपेला मावलं तेवढं, 'अ ट्रकलोड ऑफ पोटॅटोज'. कन्साइनमेंट म्हणजे एकाने एकाला पाठवलेला माल, मग तो एका गाडीत असो की तीन गाड्यांत. तीन गाड्यांनी गेलेल्या एकाच मालाला 'थ्री कन्साइनमेंट्स' लिहिलं तर पलीकडचा माणूस तीन बिलं मागेल.

'बल्क' वर मी नेहमी जास्त वेळ घालवतो, कारण त्याचे दोन अर्थ आहेत आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. एक अर्थ ठोक: 'वी बाय इन बल्क', आम्ही ठोक घेतो. दुसरा अर्थ सुटा: गोणीत, पेटीत न भरता तसाच जहाजाच्या पोटात किंवा गाडीत ओतलेला गहू, कोळसा, खनिज. बंदरावर 'बल्क कार्गो' म्हणतात तो हा. 'ब्रेक बल्क' म्हणजे कंटेनरमध्ये न घालता नगानगाने चढवलेला माल, जसं लोखंडाची गुंडाळी, लाकडाचे ओंडके, यंत्रांच्या पेट्या. दाणाबंदरातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, पेढीवर 'बल्क' म्हणजे ठोक आणि बंदरातल्या एजंटाकडे 'बल्क' म्हणजे सुटा. ५० किलोच्या गोण्यांत भरलेला तांदूळ तुम्ही 'बल्क राइस' म्हणून कळवलात, तर एजंट सुट्या मालाची व्यवस्था विचारायला लागेल. त्याला 'बॅग्ड राइस' म्हणा.

चौथी पायरी: जास्त म्हणजे चांगलं की वाईट

काही शब्दांत प्रमाणाबरोबर मतही असतं. आवक इतकी वाढली की भाव कोसळला, तर 'ग्लट'. पीक जोमदार आलं आणि सगळे खूश, तर 'बंपर क्रॉप'. गरजेपेक्षा उरलं तर 'सरप्लस'. एकाच दिवशीच्या एकाच आवकेला शेतकऱ्याच्या बाजूने ग्लट म्हणता येईल आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने 'प्लेंटी'. पत्र कुणाच्या वतीने लिहिताय ते बघून शब्द निवडा.

साठ्याचंही तसंच. 'स्टॉक' हा साधा साठा, 'बफर स्टॉक' किंवा 'स्टॉकपाइल' हा पुढची गरज ओळखून राखलेला, आणि 'होर्ड' हा दडवून ठेवलेला. साठेबाजीला 'होर्डिंग' म्हणतात. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सरकार साठ्यावर मर्यादा घालू शकतं, त्यामुळे स्वतःच्या मालकाच्या मालाबद्दल हा शब्द लिहिणं म्हणजे लेखी कबुली देण्यासारखं आहे. शब्दकोशात साठवण्याला होर्ड दिसलं म्हणून कुणी तो सहज उचलू नये, यासाठी मुद्दाम सांगतो.

पाचवी पायरी: वाक्यात बसवा

व्याकरण थोडं आहे, पण तेवढं पक्कं हवं.

मोजता येणाऱ्या वस्तूला 'मेनी' आणि 'नंबर', न मोजता येणाऱ्याला 'मच' आणि 'अमाउंट'. गोण्या मोजता येतात, तांदूळ नाही. 'अ लार्ज नंबर ऑफ बॅग्ज', 'अ लार्ज अमाउंट ऑफ राइस'. 'क्वांटिटी' दोन्हीकडे चालतो, म्हणून कार्यालयीन पत्रात तो सगळ्यात सोयीचा.

'अ लॉट ऑफ' नंतरचं क्रियापद पुढच्या शब्दावर ठरतं: 'अ लॉट ऑफ राइस इज वेट', पण 'अ लॉट ऑफ बॅग्ज आर वेट'. 'अ नंबर ऑफ क्रेट्स आर ब्रोकन' म्हणजे काही क्रेट फुटलेत. 'द नंबर ऑफ ब्रोकन क्रेट्स इज फोर्टी' म्हणजे फुटलेल्यांची संख्या ४०. 'अ' आणि 'द' एवढ्याने क्रियापद बदलतं.

आकडा पुढे असेल तर हंड्रेड, थाउजंड, डझन यांना 'एस' लावायचा नाही आणि मध्ये 'ऑफ' ही नाही: 'फाइव्ह हंड्रेड बॅग्ज', 'टू डझन मँगोज'. आकडा नसेल तर दोन्ही लागतात: 'हंड्रेड्स ऑफ बॅग्ज', 'डझन्स ऑफ क्रेट्स'. टन मात्र आकड्यानंतरही अनेकवचनात: 'टेन टन्स ऑफ अनियन्स'. आणि 'लगेज', 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'स्टेशनरी' यांना 'एस' कधीच नाही. नग सांगायचे असतील तर 'थ्री पीसेस ऑफ लगेज'.

सहावी पायरी: मोठे आकडे

परदेशी गिऱ्हाइकाला लाख आणि कोटी समजत नाहीत. १० लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे एक बिलियन, एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. साडेबारा लाख आपण १२,५०,००० असे लिहितो, ते १,२५०,००० असे लिहितात. स्वल्पविरामाची जागा बघून घाईत आकडा वाचणारा फसतो, म्हणून मोठी रक्कम नेहमी अक्षरांतही लिहा. जुनी ब्रिटिश कागदपत्रं हाताळावी लागली तर आणखी एक काळजी घ्या. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे मिलियन मिलियन धरत. १९७४ साली तिथल्या सरकारने आजचा, हजार मिलियनचा अर्थ अधिकृतपणे स्वीकारला.

टनाचेही तीन प्रकार आहेत. आपला मेट्रिक टन १,००० किलोचा. अमेरिकेचा 'शॉर्ट टन' सुमारे ९०७ किलो आणि जुना ब्रिटिश 'लाँग टन' सुमारे १,०१६ किलो. १०० टनांच्या मालात मेट्रिक आणि शॉर्ट टन यांचा फरक नऊ टनांच्या वर जातो. त्यामुळे पत्रात नुसतं 'टन' न लिहिता 'मेट्रिक टन' लिहा. क्विंटल १०० किलोचा, पण परदेशात तो फारसा कुणाला माहीत नसतो. किलोत करून द्या.

सातवी पायरी: बोलताना एक, लिहिताना एक

गप्पांमध्ये लोक ढिगांचे शब्द भरपूर याच अर्थाने सर्रास वापरतात. अमेरिकन माणूस 'अ टन ऑफ वर्क', 'अ बंच ऑफ टिकेट्स' म्हणतो. ब्रिटिश माणूस 'लोड्स ऑफ टाइम' म्हणतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे लोक 'हीप्स' म्हणतात, अगदी आभार मानतानाही: 'थँक्स हीप्स'. ऐरोलीत अमेरिकन गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्यांनी हे ऐकून समजून घ्यावं, आणि ओळख झाली की बोलण्यात आणावंही. लेखी कामात मात्र हे शब्द नकोत. तिथे 'अ लार्ज क्वांटिटी', 'अ कन्सिडरेबल नंबर', आणि शक्य असेल तिथे सरळ आकडा.

इंग्रजी वर्गांत पक्ष्यांच्या थव्यांची खास नावं पाठ करायला देतात. फ्लेमिंगोंच्या थव्याला 'फ्लॅम्बॉयन्स' म्हणतात असं सांगतात. ठाणे खाडीच्या अभयारण्याजवळ राहणाऱ्यांना ते आवडेलही, पण खाडीकाठी उभं राहून इंग्रज माणूसही 'अ फ्लॉक ऑफ फ्लेमिंगोज' असंच म्हणेल. तो वेळ बॅच आणि लॉट शिकण्यात घालवा.

आता हे सगळं एका पत्रात कसं येतं ते बघा. माल तांदूळ, ५० किलोच्या गोण्या, बारा थप्प्या, प्रत्येकीत चाळीस, आणि एका थप्पीच्या तळच्या सहा गोण्या भिजलेल्या. पत्र असं लिहावं:

'डिअर सर, द कन्साइनमेंट ऑफ बॅग्ड राइस हॅज बीन रिसीव्ह्ड. वी हॅव ४८० बॅग्ज ऑफ ५० किलोग्रॅम्स ईच, दॅट इज, २४ मेट्रिक टन्स, इन १२ स्टॅक्स ऑफ ४० बॅग्ज ईच. सिक्स बॅग्ज अॅट द बॉटम ऑफ स्टॅक नंबर फोर आर वेट. द रेस्ट ऑफ द स्टॉक इज ड्राय. ऑल बॅग्ज आर फ्रॉम द सेम लॉट.'

यात 'अ लॉट ऑफ' एकदाही आलेलं नाही. किती, कसं रचलेलं, कुठे बिघडलं, बाकीचं कसं आहे आणि माल एकाच लॉटचा आहे का, या पाचही गोष्टी आल्या आहेत. स्टॅक आणि स्टॉक दोन्ही आले आहेत, आपापल्या जागी.

हेच फोनवर कळवायचं झालं तर आकड्यांशी जपून. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'थर्टीन' आणि 'थर्टी' हे गाडीच्या आवाजात एकसारखे ऐकू येतात. आकडा म्हणून झाल्यावर अंक सुटे सांगा, 'फिफ्टी, फाइव्ह झीरो', आणि पलीकडच्या माणसाला तो परत म्हणायला लावा. मग त्याच दिवशी तो आकडा लेखी पाठवा.